निळा रंग जपायचा असेल तर : कोल्हापुरात घरच्या घरी स्पिरुलिना

स्पिरुलिनाची पूड बाजारातून आणलेली असो की घरी वाळवलेली, ती कितपत चांगली आहे हे स्वयंपाकघरातच कळतं. काचेच्या पेल्यात गार पाणी घ्या, पाव चमचा पूड ढवळा, पेला झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून फिल्टर कागदातून गाळा. स्वच्छ निळं पाणी उतरलं आणि उन्हात तिरकं धरल्यावर त्यात लालसर झाक चमकली, तर माल उत्तम. पाणी मळकट हिरवं किंवा पिवळट आलं, तर पूड कुठेतरी जास्त तापली आहे किंवा फार दिवस उघडी राहिली आहे. आता तेच निळं पाणी थोडं गरम करा. वाफा येऊ लागण्याच्या सुमारास निळाई फिकी पडत जाते. या लेखातली प्रत्येक पायरी या एका गोष्टीभोवती फिरते.

तो निळा रंग म्हणजे फायकोसायनिन हे रंगीत प्रथिन. स्पिरुलिनाला आपण शेवाळ म्हणतो, पण शास्त्राच्या हिशेबात ती सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारा जिवाणू आहे. कडक उन्हात पेशीत तयार होणारे विध्वंसक ऑक्सिजनचे रेणू आवरायला तिच्याकडे रंगद्रव्यं असतात : बीटा कॅरोटीन आणि झिअ‍ॅझँथिन. प्रकाश गोळा करणारं फायकोसायनिनही प्रयोगशाळेत अँटिऑक्सिडंट म्हणून चांगलं उतरतं. रंगद्रव्याची ही ढाल इतर सूक्ष्मजीवही वापरतात. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या आर्किया या सूक्ष्मजीवांचा असल्याचं सांगितलं होतं. त्याच लोणारच्या सोडायुक्त पाण्यात स्पिरुलिनाही नैसर्गिकरीत्या वाढते, आणि घरच्या टाकीत आपण करतो ते छोटं लोणारच.

आधी अपेक्षा जागेवर आणूया. दिवसाला ३ ग्रॅम वाळलेली स्पिरुलिना खाल्ली तर त्यातून जेमतेम पावणेदोन ग्रॅम प्रथिनं मिळतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ तिच्यात दिसतं खरं, पण त्यातलं बहुतेक शरीराला न वापरता येणारं असतं, म्हणून शाकाहारी माणसानं बी-१२ साठी तिच्यावर अजिबात विसंबू नये. प्रमाण थोडं आणि गुण मोठा असं जे काही आहे ते रंगद्रव्यात : चांगल्या मालात वजनाच्या दहा ते पंधरा टक्के फायकोसायनिन आणि दर ग्रॅममागे एक ते दोन मिलीग्रॅम बीटा कॅरोटीन. रंग गेला तर उरते ती महागडी हिरवी भुकटी.

टाकी आणि जागा

पहिली टाकी ५० लिटरची करा. फूड ग्रेड प्लास्टिकचा पसरट टब, पाण्याची खोली १५ ते २० सेंटिमीटर. खोल बादलीत खालच्या थरापर्यंत प्रकाश पोचत नाही, म्हणून बादली नको. जस्ताचा पत्रा आणि तांब्याची भांडी वर्ज्य, कारण धातू या खारट, सोडायुक्त पाण्यात उतरतात आणि स्पिरुलिना ते शोषून घेते. याच कारणानं कारखान्यांच्या परिसरातल्या बोअरचं पाणी वापरू नये. बोअरच्या जड पाण्यात आणखी एक अडचण येते : त्यातला कॅल्शियम सोडा आणि फॉस्फेटला धरून पांढरा गाळ होऊन बसतो आणि तुम्ही मोजून टाकलेलं खत तळाशी जातं. आरओचं पाणी सर्वात सोपं. नळाचं असेल तर गाळून, उकळून गार करा किंवा क्लोरीन उडून जायला उघड्या भांड्यात एक दिवस ठेवा.

जागा गच्चीवर पूर्वेला, वर ५० टक्क्यांचं शेडनेट आणि त्याखाली मच्छरदाणी. एप्रिलमध्ये उथळ टबातलं पाणी भर दुपारी सहज चाळीस अंशांवर जातं. ३० ते ३७ अंश हा स्पिरुलिनाचा आवडता पट्टा, चाळीसच्या वर ती मरू लागते. डिसेंबर-जानेवारीत उलट. कोल्हापुरात पहाटे पारा चौदा-पंधरापर्यंत उतरतो, आणि नऊ वाजता लख्ख ऊन पडतं. गार पाण्यात वाढ थांबलेली असताना अंगावर आलेलं तेज ऊन तिला भाजून काढतं, कल्चर (म्हणजे टाकीतलं जिवंत स्पिरुलिनाचं पाणी) पिवळं पडतं. त्या दिवसांत रात्री टब प्लास्टिकनं झाका आणि पाणी वीस अंशांच्या वर येईपर्यंत सावली काढू नका.

पाण्यात काय टाकायचं

५० लिटरसाठी प्रमाण असं : खाण्याचा सोडा ४०० ग्रॅम, आयोडीन नसलेलं मीठ २५० ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट १०० ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट २५ ग्रॅम, पोटॅशियम सल्फेट २५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १० ग्रॅम, आणि लोहाचं द्रावण ५० मिलिलिटर. लोहाचं द्रावण आधी वेगळं करून ठेवायचं : एक लिटर पाण्यात एका मोठ्या लिंबाचा गाळलेला रस आणि १० ग्रॅम फेरस सल्फेट. लिंबू नसेल तर सोड्याच्या पाण्यात लोह गंजासारखं खाली बसतं आणि कल्चर लोहाविना फिकं पडतं. आरओचं पाणी असेल तर त्यात कॅल्शियमही नसतं. खाण्याच्या चुन्याची निवळी पाच-सहा चमचे घाला.

उसाला ठिबकमधून खत सोडणाऱ्याला १३:००:४५ हे नाव पाठ असतं. पोटॅशियम नायट्रेट ते हेच. तरी खताच्या दुकानातली पिशवी इथे वापरू नका. खताच्या दर्जात जड धातूंची हमी नसते, आणि ५० लिटरला शंभर ग्रॅम लागणार असताना प्रयोगशाळा किंवा खाद्य दर्जाचं घेतल्यानं खर्चात पडणारा फरक थोडाच. युरिया स्वस्त म्हणून कुणी सुचवेल. सोड्याच्या पाण्यात युरियातून अमोनिया सुटतो आणि मात्रा जराशी चुकली तर अख्खी टाकी एका दिवसात मरते; नवख्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

सगळं एकेक करून, आधीचं पूर्ण विरघळल्यावर पुढचं टाका. ताज्या द्रावणाचा पीएच सव्वाआठच्या आसपास असतो. स्पिरुलिना वाढू लागली की तो आपोआप साडेनऊ-दहावर जातो, आणि खरी सुरक्षितता तिथेच आहे, कारण इतक्या अल्कधर्मी पाण्यात दुसरं फारसं काही तग धरत नाही. मत्स्यालयाच्या दुकानातल्या पट्ट्या बहुधा नऊपर्यंतच दाखवतात. ७ ते १४ मोजणाऱ्या पट्ट्या किंवा पेन मीटर घ्या.

विरजण

दह्याला विरजण तसं टाकीला मूळ कल्चर. ते नेहमी जिवंत, ओळख पटलेलं घ्यायचं : विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र विभाग, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला सूक्ष्मजीव संग्रह, किंवा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतलं निळ्या-हिरव्या शेवाळांचं केंद्र अशा ठिकाणी विचारा. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब बघून घ्या. स्प्रिंगसारखे वळलेले धागे दिसले पाहिजेत. तळ्याच्या काठावरून हिरवा तवंग आणून टाकीत सोडायचा विचार मनातही आणू नका. रंकाळा असो की गावचा पाझर तलाव, साचलेल्या पाण्यावरच्या तशा तवंगात मायक्रोसिस्टिस हे विषारी निळं-हिरवं शेवाळ असू शकतं, आणि त्याचं विष यकृतावर जातं. ते उकळूनही जात नाही.

दाट कल्चर एकास चार या प्रमाणात लागतं : ४० लिटर द्रावणाला १० लिटर. हाती एकच लिटर असेल तर घाई करू नका. एका लिटरचे दोन, चार-पाच दिवसांनी गडद झाल्यावर दोनाचे चार, असं दुपटीनं वाढवत न्या. पातळ कल्चर उन्हात ठेवणं ही पहिली मोठी चूक. धागे विरळ असले की प्रत्येकावर पूर्ण ऊन पडतं आणि रंग उडतो. पहिले चार दिवस दाट सावली, मग हळूहळू प्रकाश.

रोजची देखभाल

दिवसातून चार वेळा लाकडी उलथन्यानं हलकेच ढवळा, किंवा मत्स्यालयाचा छोटा पंप लावा. मिक्सरसारखं जोरात घुसळलं तर धागे तुटतात. उडून गेलेल्या पाण्याची भर साध्या पाण्यानं करायची, द्रावणानं नाही, कारण क्षार उडत नाहीत.

दाटपणा मोजायला काठीच्या टोकाला पांढरं बाटलीचं झाकण चिकटवा आणि ते पाण्यात सोडत जा. पाच सेंटिमीटरवरही झाकण दिसत असेल तर कल्चर पातळ आहे, थांबा. तीनच्या आत दिसेनासं झालं तर काढणीची वेळ झाली.

बिघाड कसा ओळखायचा? पिवळट झाक आली तर आधी प्रकाश कमी करा. दोन दिवसांत सुधारली नाही तर नायट्रेट किंवा लोह संपलं आहे. गोळे होऊन तळाशी बसत असेल तर ढवळणं कमी पडतंय. कापडातून गाळल्यावरही खालचं पाणी हिरवंच राहिलं, तर एकपेशीय हिरवं शेवाळ शिरलं आहे. ते कापडात अडकत नाही आणि पीएच साडेनऊच्या खाली असल्याशिवाय सहसा शिरत नाही. अशा वेळी कापडात अडकलेली स्पिरुलिना ताज्या द्रावणात सोडा आणि जुनं पाणी टाकून द्या. पाण्यावर माश्यांच्या अळ्या दिसल्या तर चहाच्या गाळणीनं काढा आणि मच्छरदाणीचं भोक शोधा. पीएच अकराच्या पुढे गेला तर चौथा हिस्सा पाणी बदला. आणि सडका किंवा अमोनियाचा दर्प आला, वर बुडबुड्यांचा चिकट फेस राहू लागला, तर वाचवायच्या भानगडीत पडू नका. टाकी रिकामी करा, टब धुऊन उन्हात वाळवा, नव्यानं सुरू करा. त्या टाकीतलं खायचं नाही.

टाकून द्यायचं पाणी भाजीच्या वाफ्यात किंवा शेतात ओतू नका. क्षारपड जमीन काय असते हे शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. हे सोड्याचं पाणी तेच करतं. भरपूर पाणी मिसळून गटारीत सोडा.

काढणी

सकाळी, ऊन तापायच्या आत. म्हणजे पुढचा सगळा दिवस वाळवणाला मिळतो. एका वेळी टाकीचा चौथा ते तिसरा हिस्सा गाळा, अधिक नाही, नाहीतर उरलेलं कल्चर पातळ होऊन उन्हात सापडतं.

दोन कापडं लागतात. वर कचरा, किडे अडवायला जाड जाळी, खाली ४० ते ५० मायक्रॉनचं स्क्रीन प्रिंटिंगचं बोल्टिंग कापड. इचलकरंजीसारख्या वस्त्रोद्योगाच्या गावात ते विचारून बघा. कोरं घ्या, शाई लागलेलं नको. गाळलेलं पाणी परत टाकीत ओता, त्यात अजून खत आहे. कापडावर जमलेला लगदा पुरचुंडी बांधून वजनाखाली दाबा, आधी हलकं, मग वाढवत, वीस-पंचवीस मिनिटं. चक्क्याइतका घट्ट झाला पाहिजे. हे दाबणं महत्त्वाचं, कारण लगद्यात राहिलेल्या पाण्यात सोडा आणि नायट्रेट असतं आणि ते तुमच्या पोटात जाणार असतं.

निथळणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवा. ते पिवळसर असेल तर ठीक. निळं उतरू लागलं, की पेशी फुटल्या आणि फायकोसायनिन वाहून चाललं. लगदा साध्या पाण्यानं खूप वेळ धुतला, फार जोरात पिळला किंवा गाळून तासभर तसाच ठेवला, की असं होतं. धुवायचंच असेल तर चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्याचा एकच झटपट हात फिरवा.

काढणीनंतर टाकीला खुराक द्या. दर १० ग्रॅम वाळलेल्या मालामागे (म्हणजे साधारण ५० ग्रॅम लगद्यामागे) पोटॅशियम नायट्रेट १४ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट १ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट अर्धा ग्रॅम, लोहाचं द्रावण ५ मिलिलिटर. किती माल निघेल? चांगल्या उन्हाच्या दिवसांत एका चौरस मीटरला रोज वाळलेली पाच-सहा ग्रॅम. ५० लिटरचा टब पाव चौरस मीटरचा, म्हणजे दिवसाला एक ते दीड ग्रॅम. एका माणसाच्या ३ ग्रॅमसाठी असे दोन-तीन टब लागतात. घरातल्या चौघांना पुरवायची इच्छा असेल तर दोन-अडीच चौरस मीटरची टाकी धरा, पण पहिला टब तीन महिने नीट सांभाळल्यावर.

वाळवण

ताजा लगदा खाणं हा सर्वात उत्तम मार्ग. चव जवळजवळ नसते, वास हलका, आणि रंग शंभर टक्के शाबूत. पण तो बाहेर काही तासच टिकतो, झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस. उरलेला त्याच सकाळी वाळवायला घ्या.

शेव पाडायचा सोऱ्या इथे कामाला येतो. बारीक ताटली लावून धुतलेल्या मलमलीवर लगद्याची पातळ शेव पाडा. गोळा किंवा जाड थर वाळवला तर बाहेरून कडक आणि आतून आंबलेला होतो. कुरडया-पापडांच्या सवयीनं हात थेट गच्चीवरच्या उन्हाकडे जातो, तो आवरायचा. थेट ऊन बीटा कॅरोटीन खातं आणि शेव साठ अंशांच्या पुढे तापली तर फायकोसायनिन जातं. कापड चाळणीवर ताणून सावलीत ठेवा, वरून काळं कापड सैल घाला, खालून टेबल फॅनचं वारं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाच-सहा तासांत काम होतं. शेव बोटात धरून वाकवली तर टचकन मोडली पाहिजे; लवली तर ओल आहे, आणि ओली शेव बरणीत बुरशी धरते. संध्याकाळपर्यंत वाळली नाही तर रात्रभर बाहेर ठेवू नका, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उघडी ठेवा.

मिक्सरमध्ये पूड करण्याऐवजी शेवच ठेवा आणि लागेल तेवढी चुरडा, कारण पुडीला हवा जास्त लागते. गडद काचेची बरणी, काठोकाठ भरलेली, फ्रिजमध्ये. दोन-तीन महिन्यांत संपवा, आणि अधूनमधून सुरुवातीची निळ्या पाण्याची परीक्षा घेत राहा.

ताटात

पहिला आठवडा दिवसाला १ ग्रॅम, मग ३ ग्रॅमपर्यंत (ताज्या लगद्याचे १५ ग्रॅम). एकदम जास्त घेतलं तर मळमळ आणि पातळ शौच होतात.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात ती घालू नका. उकळत्या रश्श्यात निळा रंग क्षणात जातो. भाकरीच्या पिठात मळली तर तव्यावर तेच, कॅरोटीन मात्र बरंच टिकतं. गार ज्वारीची आंबील, ताक, दहीभात, कोशिंबीर, या तिच्या जागा. कोल्हापूरकरांसाठी सर्वात सोयीची गोष्ट म्हणजे शेंगदाण्याची चटणी : वाटीभर कोरड्या चटणीत ताटात वाढताना अर्धा चमचा चुरलेली शेव आणि वर चमचाभर कच्चं तेल. कॅरोटीन तेलाशिवाय अंगी लागत नाही, म्हणून तेल चवीपुरतं नाही, कामाचं आहे. लिंबू पिळायचं तर खाताना, कारण तीव्र आंबटपणात फायकोसायनिन गोठून खाली बसतं. लगेच चहा नको, त्यातलं टॅनिन लोह अडवतं.

रक्त पातळ करणारी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्यांनी, ल्युपससारखे स्वयंप्रतिकार आजार असणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि गाउट असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. फिनाइलकीटोन्युरिया असेल तर अजिबात नको. आणि अँटिऑक्सिडंट जितकं जास्त तितकं चांगलं, हा समज सोडून द्या. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलीग्रॅम बीटा कॅरोटीनच्या गोळ्या देऊन पाहिल्या; १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, जास्त आढळला. ३ ग्रॅम स्पिरुलिनात तीन ते सहा मिलीग्रॅम येतं, तेही अन्नाचा भाग म्हणून. तेवढं पुरे.

शेजारच्यांना थोडं देणं वेगळं. विकायचं असेल तर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना आणि जड धातू, सूक्ष्मजीव यांच्या तपासण्या आल्याच.

अँटिऑक्सिडंटच्या इतर स्रोतांबद्दल थोडक्यात. क्लोरेलात ल्युटीन भरपूर, पण पेशीभित्तिका चिवट असल्यानं ती फोडलेली पूडच घ्यावी लागते. हिमॅटोकॉकसमधलं लाल अ‍ॅस्टॅझँथिन आणि ड्युनॅलिएलातलं बीटा कॅरोटीन ही कारखान्यात काढायची द्रव्यं, घरच्या टाकीत त्यांच्या नादी लागू नये. समुद्री शेवाळांपैकी तपकिरी जातींत फ्युकोझँथिन असतं, पण काहींत आयोडीन इतकं, की दोन चिमटींत दिवसाच्या १५० मायक्रोग्रॅमच्या गरजेच्या कितीतरी पट पोटात जातं; थायरॉइडच्या रुग्णांनी लांबच राहावं. यीस्टमध्ये ग्लुटाथायोन असतं. आणि आंबीलीचं आंबणं विसरू नका : ज्वारीच्या कोंड्याला घट्ट धरून असलेली फेनॉलिक द्रव्यं आंबवताना सूक्ष्मजीव मोकळी करतात. त्यासाठी कुठलं कल्चर मागवावं लागत नाही.

पावसाळा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर कोल्हापुरात टाकी चालू ठेवायचा हट्ट धरू नका. ढगांनी वाढ निम्म्यावर येते, पागोळ्यांच्या पाण्यानं द्रावण पातळ होऊन पीएच उतरतो, आणि हवेतल्या दमटपणात शेव वाळतच नाही. मृग लागायच्या आत शेवटची मोठी काढणी करा. दाट कल्चरचे दोन-दोन लिटर दोन वेगळ्या पारदर्शक बरण्यांत भरा, तोंडाला मलमल बांधा आणि दोन वेगळ्या खिडक्यांत ठेवा, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी राहते. रोज दोनदा हलवा. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकीतलं अर्धा लिटर काढून तेवढंच ताजं द्रावण घाला. ऑक्टोबरात आकाश निवळलं की या चार लिटरांतून पुन्हा दुपटीनं सुरुवात, आणि ऊन सलग मिळालं तर दिवाळीच्या सुमारास टब भरलेला असतो.